फ्युएल फिल्टर 'लाइफटाइम' नसतो आणि पाच मिनिटांत बदलायचाही नसतो

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला तीन ठिकाणांहून आला. आधी कॉलेजच्या ग्रुपवर, मग इथल्या न्यू जर्सीतल्या गाड्यावेड्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर आणि शेवटी पुण्याहून भावाने पाठवला, खाली 'खरं आहे का रे?' असं विचारून. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. स्पोर्ट्स कारचा फ्युएल फिल्टर (इंजिनकडे जाणारं पेट्रोल गाळणारा डबा) लाइफटाइम असतो, गॅरेजवाले उगाच बदलायला लावतात. आजकालचं पेट्रोल स्वच्छ असतं. गाडी मस्त पळतेय म्हणजे फिल्टर चांगला. शंका असेल तर इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारी बारीक तोटी) क्लीनरची बाटली टाकीत ओता, त्याने फिल्टरही साफ होतो. आणि बदलायचाच असेल तर गाडी पाच मिनिटं बंद ठेवा म्हणजे प्रेशर जातं, मग दोन पाइप काढा, कुठलाही इनलाइन (नळीच्या मध्येच बसणारा) फिल्टर लावा, झालं काम, वर पॉवर आणि मायलेज दोन्ही वाढतं.

यातल्या निम्म्या गोष्टींनी फार तर खिशाला चाट बसेल, पण शेवटच्या दोन-तीन गोष्टींनी माणूस भाजू शकतो. म्हणून 'जाऊ दे' म्हणून सोडवलं नाही आणि लिहायला बसलो.

माझ्याकडे 1992ची माझदा मिआटा आहे, इतर बऱ्याच देशांत तिला एमएक्स-5 म्हणतात. दोन सीट, छप्पर उघडतं, ड्राइव्ह मागच्या चाकांना, 1.6 लिटरचं 116 हॉर्सपॉवरचं इंजिन. तिचा फिल्टर मी माझ्या हाताने दोनदा बदललाय, त्यामुळे उदाहरणं तिचीच देतो.

आधी 'लाइफटाइम'चं बघू, कारण हे हवेतून आलेलं नाहीये. नव्या बऱ्याच गाड्यांमध्ये फिल्टर पेट्रोलच्या टाकीत, पेट्रोल इंजिनकडे ढकलणाऱ्या पंपाच्याच असेंब्लीमध्ये बसवलेला असतो आणि सर्व्हिसच्या वेळापत्रकात त्याचं नावच नसतं. मिआटाचंच बघा, 2005 नंतर आलेल्या तिसऱ्या पिढीपासून तो टाकीत गेला. अशी गाडी असेल तर दर काही वर्षांनी टाकी उघडत बसा असं कोणीच म्हणणार नाही, मीही नाही. पण वेळापत्रकात नाव नाही याचा अर्थ 'कधीच तुंबत नाही' असा होत नाही, आणि त्याआधीच्या गाड्यांना तर हे लागूच होत नाही. माझ्या गाडीचा फिल्टर खाली आहे, मागच्या उजव्या चाकाच्या पुढे, प्लॅस्टिकच्या कव्हरमागे. कंपनीने तो मुद्दाम बाहेर, बदलता येईल असा दिलाय. तो जर आयुष्यभर चालणार असता तर बाहेर दिलाच कशाला असता?

त्यात स्पोर्ट्स कारचं दुखणं वेगळंच. ही गाडी रोज ऑफिसला नेत नाही ना कोणी. माझी डिसेंबर ते मार्च गॅरेजमध्ये असते कारण बाहेर रस्त्यावर बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकलेलं असतं, वर्षाचे मैल म्हणजे किरकोळच. मग लोक ओडोमीटर बघून म्हणतात की अजून मैल झालेच नाहीत. अहो मैल झाले नसतील पण वर्षं झालीत ना, अर्धी टाकी चार-चार महिने तशीच पडून, स्टीलची टाकी, आत दमट हवा. उभ्या गाडीत गंज जास्त धरतो, आणि तो सगळा कचरा शेवटी त्या एका डब्याकडेच येणार.

आता 'पेट्रोल स्वच्छ असतं' हे इथेच निकालात काढतो. पंपावरचं पेट्रोल स्वच्छ असेलही, चांगलंच आहे, पण घाण फक्त पंपावरून येत नाही. टाकीतला गंज, आतून सुटणारे जुन्या रबरी नळ्यांचे कण, टाकीतल्या पंपाची झीज, हे सगळं गाडीच्या पोटातलं. शिवाय इथे साधारण सगळीकडे 10 टक्के इथेनॉलवालं पेट्रोल मिळतं आणि भारतात तर आता 20 टक्क्यांवर गेलंय. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि वर्षानुवर्षं टाकीच्या आत बसलेला चिकट थर सोडवतं. सुटलेला थर कुठे जाणार? फिल्टरमध्येच. जुन्या गाडीला नवं पेट्रोल म्हणजे फिल्टरला उलट जास्त काम.

टाकी रिकामी होत आली की तळाचा गाळ ओढला जातो, म्हणून टाकी कायम अर्धी भरलेली ठेवा म्हणजे फिल्टर बदलायला नको, असंही एकाने खाली लिहिलं होतं. अहो पंप पेट्रोल ओढतो ते कायम तळातूनच, टाकी गच्च भरलेली असली तरी. टाकी फार रिकामी ठेवू नये हे बरोबर आहे पण त्याचं कारण दुसरं, पंप पेट्रोलनेच थंड राहतो.

पुढचा मुद्दा, 'गाडी मस्त पळतेय म्हणजे फिल्टर चांगला'. हा सगळ्यात फसवा आहे कारण ऐकायला अगदी पटतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या गाडीत पंप लागतं त्यापेक्षा बरंच जास्त पेट्रोल पुढे ढकलतो, इंजेक्टर जेवढं हवं तेवढं घेतात आणि उरलेलं रेग्युलेटरमधून परत टाकीत जातं. रेग्युलेटरचं काम म्हणजे प्रेशर ठरलेलं ठेवणं, आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) साधारण 30 ते 38 पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक). आता फिल्टर थोडा तुंबला तर काय होतं, परत जाणारं पेट्रोल कमी होतं, बस. पुढचं प्रेशर तेवढंच राहतं, गाडी तशीच चालते, तुम्हाला काही म्हणजे काहीच कळत नाही. घरातल्या नळाच्या जाळीत माती अडकलेली असली तरी नळ थोडा सोडला तर पाणी बरं येतं, पूर्ण सोडला की मग धार बारीक लागते, तसंच हे. गावात दुसऱ्या-तिसऱ्या गियरमध्ये फिरताना कळणारच नाही. कळतं कधी, तर हायवेच्या रॅम्पवर गियर खाली टाकून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिलात की साडेपाच-सहा हजार आरपीएमला गाडी दमल्यासारखी होते, मागून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी. आणि नेमक्या त्याच वेळी इंजिनला सगळ्यात जास्त पेट्रोल हवं असतं. पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर कॉम्प्युटर ऑक्सिजन सेन्सरचं ऐकून पेट्रोल-हवेचं मिश्रण सुधारत बसत नाही, म्हणजे पेट्रोल कमी पडलं तर कमीच पडतं, मिश्रण विरळ, आत उष्णता वाढते, नॉकिंग (मिश्रण भलत्या वेळी पेटून इंजिन ठोकणं) होऊ शकतं. शिवाय इतके दिवस तो पंप तुंबलेल्या फिल्टरमधून रेटा देतोय ते वेगळंच. म्हणजे लक्षण दिसेपर्यंत थांबणं हा यावरचा उपाय होत नाही.

क्लीनरच्या बाटलीवर फार लिहायची गरज नाही. चांगल्या क्लीनरमधलं डिटर्जंट इंजेक्टरच्या टोकावरची पेट्रोलची काजळी खरंच काढतं, मी स्वतः वर्षातून एकदा वापरतो. पण फिल्टरमध्ये अडकलेला असतो तो गंज, माती, रबराचे कण, ते काही विरघळत नाहीत. आणि समजा विरघळलेच तर जाणार कुठे? पुढे इंजेक्टरमध्ये, ज्यांचं रक्षण करायला फिल्टर लावलाय. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी चेतकच्या कार्ब्युरेटरचा (इंजेक्टर यायच्या आधी पेट्रोल हवेत मिसळणारा भाग) जेट, म्हणजे त्यातली बारीक छिद्राची तोटी, तोंडाने फुंकून साफ केलाय, त्यामुळे फिल्टरही उलट्या बाजूने हवा मारून साफ होईल असं वाटतं. आत घड्या घातलेला कागद असतो, हवेने तो फाटतो, आणि फाटला की बाहेरून कळतही नाही.

पहिल्यांदा काढलेला फिल्टर मी पांढऱ्या एनॅमलच्या भांड्यात पालथा केला होता, ज्या बाजूने पेट्रोल आत येतं त्या बाजूने. जे बाहेर आलं ते बराच वेळ उकळलेल्या कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं, आणि भांडं थोडं हलवल्यावर तळाशी तांबूस काळा गाळ एका बाजूला सरकला, अगदी बारीक, बोटावर घेतला तर शाईसारखा पसरला. दुसऱ्या बाजूने थोडंसं आलं ते स्वच्छ. म्हणजे तो बिचारा शेवटपर्यंत काम करत होता. गाडी त्याच्या आदल्या दिवशी मस्तच चालली होती बरं का.

आता 'कुठलाही इनलाइन फिल्टर'. इथे मला मनापासून राग येतो, कारण माझ्या गाडीवर हे कोणीतरी केलं होतं. मी घेतली तेव्हा आधीच्या मालकाने एका गॅरेजमधून 'नुकताच फिल्टर बदललाय' असं सांगितलं होतं. महिन्याभराने पेट्रोलचा वास यायला लागला म्हणून खाली कव्हर काढून बघतो तर मूळच्या धातूच्या डब्यामागे, टाकीकडून येणाऱ्या नळीत अजून एक फिल्टर घुसवलेला, कार्ब्युरेटरवाल्या गाड्यांचा पारदर्शक प्लॅस्टिकचा, आणि मूळचा जुना डबा तसाच पुढे, बदललेलाच नाही. त्यावर भोकंवाले स्क्रू क्लॅम्प असे आवळलेले की पट्टीच्या भोकांतून रबर वर आलेलं. पंप चालू केल्यावर क्लॅम्पच्या कडेला पेट्रोलचा एक थेंब हळूहळू फुगला, सुटला, परत फुगायला लागला. मी तिथे जमिनीवर पाठीवर पडलेलो, आणि एक मिनिट नुसता त्या थेंबाकडे बघत राहिलो. या गाडीत मी माझ्या मुलीला बसवून फिरत होतो.

कार्ब्युरेटरला पेट्रोल लागतं जेमतेम 3 ते 5 पीएसआयला, आणि इथे त्याच्या आठ-दहा पट. प्लॅस्टिकचा तो फिल्टर या कामाचा नाहीच. नळीचंही तेच, अमेरिकेत नळीवर जे30आर7 लिहिलेलं असेल तर ती कार्ब्युरेटरच्या प्रेशरसाठी, इंजेक्शनसाठी जे30आर9 बघून घ्यायची, आणि क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचा, कडा वळवलेला, म्हणजे रबर कापलं जात नाही. शिवाय इंजेक्शनच्या फिल्टरची गाळणी बरीच बारीक असते, कार्ब्युरेटरवाल्याने जे सोडलं ते इंजेक्टरमध्ये अडकणार.

आणि काही गाड्यांत तर फिल्टर नुसता फिल्टर नसतोच. कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स कारच्या पाचव्या पिढीत, 1999 पासून, फिल्टरच्या डब्यातच 58 पीएसआयचा रेग्युलेटर बसवलेला आहे, तीन नळ्या लागतात त्याला. तो डबा इतका सोयीचा की जुन्या गाड्यांत एलएस (कॉर्व्हेटमधलंच) इंजिन बसवणारे लोक मुद्दाम तोच आणून लावतात. त्याच्या जागी 'कुठलाही' फिल्टर लावलात तर प्रेशर सांभाळणार कोण? म्हणून पार्ट घेताना गाडीचं वर्ष आणि इंजिन सांगूनच घ्या, चार पैसे वाचवायची ही जागा नाही.

आता सगळ्यात घातक मुद्दा, 'पाच मिनिटं बंद ठेवा, प्रेशर जातं'. नाही जात. पंपात उलट न जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, तो मुद्दाम प्रेशर धरून ठेवतो म्हणजे पुढच्या वेळी गाडी पटकन सुरू व्हावी. गाडी बंद करून बराच वेळ झाला तरी नळी सोडवली की पेट्रोल फवाऱ्यासारखं येतं, आणि तुम्ही खाली झोपलेले असता, म्हणजे ते येतं थेट तोंडावर.

माझ्या गाडीत करायचं ते असं: पेट्रोलचं झाकण उघडायचं, इंजिन सुरू करायचं, डॅशखाली स्टीअरिंगजवळ पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) आहे, सर्किट ओपनिंग रिले म्हणतात, त्याचं कनेक्टर काढायचं, इंजिन आपोआप मरतं, मग की बंद. त्यानंतर बॅटरीचं निगेटिव्ह काढायचं, मिआटात बॅटरी मागे डिकीत असते. तुमच्या गाडीत रिले नाहीतर पंपाचा फ्यूज असेल, मॅन्युअलमध्ये बघा, आणि थेट इंजेक्शनची (सरळ सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणारी) नवी गाडी असेल तर इंजिनजवळच्या हाय प्रेशर लाइनला हातही लावू नका, नव्या मिआटात तिथे याच्या कितीतरी पट प्रेशर असतं.

एवढं करूनही फिल्टरमध्ये आणि नळीत पेट्रोल उरतंच. जुनी नळी निपलला (फिल्टरच्या तोंडाला) चिकटून बसलेली असते, ती ओढायची नाही, आधी पकडीने हलकेच गोल फिरवून सोडवायची मग सरकवायची, आणि ती सुटली की पहिला ओघ मनगटावरून कोपरापर्यंत आणि तिथून सरळ काखेत जातो. फार थंड लागतं आणि नंतर आग होते. नायट्राइलचे ग्लोव्हज, डोळ्यांवर गॉगल, खाली ट्रे, नळीच्या तोंडात बूच म्हणून गुळगुळीत बोल्ट. काम गॅरेजच्या बाहेर, मोकळ्यावर, इंजिन थंड असताना. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीवरून सरकत जाते, आणि इथल्या कितीतरी घरांत गॅरेजच्या कोपऱ्यातच गॅसचा वॉटर हीटर असतो, आत ज्योत. जुन्या काचेच्या बल्बचा हातदिवा खाली नेऊ नका, थंड पेट्रोल उडून बल्ब फुटला की संपलं, एलईडी वापरा. गाडी जॅकवर नाही, स्टँडवर. पेट्रोलच्या आगीला चालणारं एक्स्टिंग्विशर हाताशी, आणि घरात कोणाला तरी सांगून ठेवा की मी खाली आहे.

मला पहिल्या वेळी यात अख्खी दुपार गेली, गंजलेल्या बोल्टांपायी. दुसऱ्या वेळी तास-सव्वा तास.

पॉवर आणि मायलेजबद्दल एवढंच, प्रेशर रेग्युलेटर ठरवतो, फिल्टर नाही. जुना फिल्टर तुंबलेला असेल तर गेलेली पॉवर परत येईल, चांगला असेल तर नव्याने काहीही वाढणार नाही. मायलेज वाढल्याचं मला तरी दोन्ही वेळा दिसलं नाही.

भावाला मी उत्तर दिलं त्यात शेवटी एक गोष्ट लिहिली, ती मेसेजमध्ये कुठेच नव्हती. फिल्टरवरचा बाण इंजिनकडे आहे ना बघून नळ्या लावल्या की लगेच गाडी सुरू करायची नाही. सांडलेलं सगळं पुसायचं, वास जाईपर्यंत थांबायचं, मगच बॅटरी आणि रिले जोडायचं. माझ्या 1.6 इंजिनच्या गाडीत नुसती की ऑन करून पंप चालत नाही, त्यासाठी इंजिनजवळच्या डायग्नोस्टिकच्या छोट्या पेटीत एफ/पी आणि जीएनडी या दोन टर्मिनलना वायरने जोडायचं आणि मग की ऑन. पंपाची घरघर सुरू झाली की खाली जायचं, दोन्ही जोडांभोवती कोरडा टिश्यू फिरवायचा आणि पाच मिनिटं तिथेच थांबायचं. टिश्यूवर एक टिपका जरी दिसला तरी पंप बंद करून परत खोलायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी गॅरेजचं दार उघडल्या उघडल्या आधी वास घ्यायचा, लाइटच्या बटणाला हात लावायच्या आधी.