ओस्ती बाधते म्हणजे श्रद्धा कमी नव्हे

"ख्रिस्तशरीर हे आध्यात्मिक अन्न आहे, ते कुणालाही बाधत नाही. सिलिअ‍ॅकच्या रुग्णांनीही नेहमीचीच ओस्ती घ्यावी. वेगळी मागणं म्हणजे श्रद्धा कमी पडणं." असा एक संदेश सगळीकडे फिरतोय. ओस्ती म्हणजे मिस्सा या कॅथोलिक उपासनेत ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी गव्हाची पातळ भाकर. माझ्या मावशीला सिलिअ‍ॅक आहे, म्हणजे गव्हातलं ग्लुटेन हे प्रथिन तिच्या आतड्याला बाधतं. तिने तो मला पाठवून विचारलं, "मग मी इतकी वर्षं चुकत होते का गं?"

नाही मावशी. चुकतोय तो लिहिणारा. वैद्यकशास्त्र तर त्याला कळलेलं नाहीच, पण ज्या श्रद्धेच्या नावाने तो बोलतोय ती शिकवणही त्याने धड वाचलेली नाही.

कॅथोलिक शिकवण अशी आहे: मिस्सात फादरांनी भाकरीवर ख्रिस्ताचे शब्द उच्चारल्यावर, म्हणजे परिवर्तनानंतर, भाकरीचं सत्त्व बदलतं, ती ख्रिस्ताचं शरीर होते, भाकरीचे गुणधर्म मात्र तसेच राहतात. रंग, चव, वजन, आणि पोटात गेल्यावर होणारा परिणामसुद्धा. धर्मपंडित संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात 'सुम्मा' या ग्रंथाच्या तिसऱ्या भागात, ७७व्या प्रश्नात, नेमकं हेच विचारलंय: परिवर्तनानंतर उरलेली ही रूपं शरीराचं पोषण करू शकतात का? त्यांचं उत्तर होकारार्थी आहे. त्यासाठी ते बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ११व्या अध्यायाचा आधार घेतात, जिथे प्रभुभोजनाला जमलेल्यांपैकी कुणी उपाशी राहतो, तर कुणाला चक्क नशा चढते. द्राक्षारस चढू शकतो, तर गहू बाधणार नाही कसा? ग्लुटेन जागच्या जागी असतं, आणि त्याचा छोटासा कणही सिलिअ‍ॅक असलेल्याच्या लहान आतड्याच्या अस्तराला इजा करू शकतो. ख्रिस्तशरीराने आत्म्याला बळ मिळतं, ख्रिस्ताशी असलेलं नातं घट्ट होतं. त्यासाठी आतडं पणाला लावा असं ख्रिस्तसभेने कधीच सांगितलेलं नाही.

एक गोष्ट त्या संदेशात अर्धवट खरी आहे, ती मान्य करते. ग्लुटेन पूर्णपणे काढून टाकलेली ओस्ती मिस्साबलिदानात चालत नाही. पण रोममधल्या श्रद्धाविषयक विभागाचे तेव्हाचे प्रमुख कार्डिनल रॅट्झिंगर (नंतरचे पोप बेनेडिक्ट सोळावे) यांच्या सहीच्या २००३ सालच्या ज्या पत्रात हे म्हटलंय, त्यातच पुढे आहे की भाकर बनण्यापुरतं ग्लुटेन असलेली कमी ग्लुटेनची ओस्ती चालते, आणि तीही सोसत नसेल तर प्रापंचिकांना, म्हणजे फादर नसलेल्या साध्या भाविकांना, फक्त द्राक्षारस घेता येतो. रोमने दिलेल्या परवानगीला अश्रद्धा म्हणणारा हा कोण?

असाच आणखी एक दावा: "नुसता द्राक्षारस म्हणजे अर्धाच ख्रिस्त." साफ खोटं. प्रत्येक रूपात संपूर्ण ख्रिस्त असतो, हे ख्रिस्तसभेच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १५५१ सालीच सांगून ठेवलंय.

आणि हा तिसरा: "कम्युनियनआधी (ओस्ती घेण्याआधी) गोळी घेतली तर उपवास मोडतो." हे वाचून म्हातारी माणसं रविवारी सकाळची रक्तदाबाची गोळी टाळतात, म्हणून मला जास्त राग येतो. धर्मसंहितेचा, म्हणजे ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या पुस्तकाचा, ९१९वा नियम काढून बघा. उपवास एका तासाचा, आणि पाणी व औषध त्यातून वगळलेलं आहे. वृद्ध, आजारी आणि त्यांची सेवा करणारे यांना तर तेवढंही बंधन नाही.

मावशी, एकच काळजी घे. शांतीच्या अभिवादनानंतर फादर ओस्तीचा तुकडा मोडून आपल्या प्याल्यात टाकतात, त्यामुळे तो प्याला तुला चालणार नाही. मिस्साआधी सॅक्रिस्टीत, म्हणजे मिस्साची तयारी होते त्या खोलीत, जाऊन तुझ्यासाठी दुसरा प्याला ठेवायला सांग. कमी ग्लुटेनची ओस्ती घेणार असशील तर तीही वेगळ्या, झाकणाच्या डबीत हवी, आणि ती बाकीच्या ओस्त्यांना हात न लावलेल्या व्यक्तीने द्यावी, असं फादरांना सांग, कारण बोटांना बाकीच्या ओस्त्यांचे कण लागलेले असतात.