'सोलॅरिस'बद्दल फिरणाऱ्या मेसेजचा खुलासा

पुस्तकप्रेमींच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: पोलिश लेखक स्तानिस्लाव लेम यांची 'सोलॅरिस' ही कादंबरी म्हणजे अंतराळातली अमर प्रेमकथा, आणि प्रेम मृत्यूवरही मात करतं हे तिचं तत्त्वज्ञान. सोबत जॉर्ज क्लूनीचं पोस्टर.

हे वर्णन त्या कादंबरीवरच्या, क्लूनीची भूमिका असलेल्या 2002च्या हॉलिवूडपटाच्या जाहिरातीला शोभतं. 1961च्या मूळ पोलिश कादंबरीला नाही. तिच्यात नायक केल्विनची मृत पत्नी परतते हे खरं, पण ती त्याच्या आठवणीतून सोलॅरिस या ग्रहावरच्या सजीव महासागराने घडवलेली आहे. का घडवली? कुणालाच कळत नाही. त्या महासागराचा अभ्यास करण्यात पिढ्या खर्ची पडल्या, ग्रंथालयं भरली, तरी त्याच्याशी संवाद म्हणून होत नाही. माणूस विश्वात परकं काही शोधायला जात नाही, आरसे शोधतो, असं एक पात्र बोलून दाखवतं. कादंबरीचा गाभा तिथे आहे. (महासागराच्या अभ्यासाच्या त्या काल्पनिक शास्त्राच्या इतिहासाची पानं कंटाळवाणी म्हणून गाळू नका, मजा त्यांतच आहे.)

खुद्द लेम यांनी 2002मध्येच लिहिलं होतं की, अंतराळातल्या माणसांचे प्रणयप्रश्न हा आपल्या पुस्तकाचा विषय नाही. सिनेमा त्यांनी पाहिला नव्हता, परीक्षणं वाचून ते बोलत होते, हेही सांगायला हवं. सिनेमा आवडला तर जरूर आवडू द्या. तो मेसेज मात्र पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.