‘सगळं’ मोबाइलवर नाही

नमस्कार. कॅसेटच्या कौतुकावरची तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण विचार करून लिहिलेली आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कॅसेटचं कौतुक म्हणजे निव्वळ स्मरणरंजन, खरखर, गुंतलेली टेप आणि ती पेन्सिलीने गुंडाळत बसणं यात गोड मानण्यासारखं काही नव्हतं, आज मोबाइलवर सगळं मिळतं, तेही स्वच्छ आवाजात.

आवाजाचं तुमचं म्हणणं मला मान्य आहे. जेमतेम पावणेचार मिलिमीटर रुंदीची पट्टी, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर वेगाने सरकणारी. १९६३ साली फिलिप्सने ती आणली तेव्हा संगीतापेक्षा बोलणं टिपण्याचाच विचार जास्त होता. डिजिटलशी तिची बरोबरी होत नाही. एवढंच सांगतो की आवाज दबलेला, घोगरा येतो तेव्हा दोष बऱ्याचदा कॅसेटचा नसतो. हेड, म्हणजे पट्टीवरचा आवाज वाचणारा यंत्रातला भाग, मळलेलं किंवा किंचित तिरकं असतं. तिरकं असेल तर त्याच्या शेजारचा बारीक स्क्रू जरासा फिरवला की झांजेची किणकिण एकदम मोकळी होते.

माझी खरी हरकत तुमच्या ‘सगळं’ या शब्दाला आहे.

तबकडीच्या काळात कुणाचा आवाज बाजारात यायचा हे एक-दोन मोठ्या कंपन्या ठरवत. कॅसेटच्या प्रती काढायला कारखाना लागत नसे, एक खोली पुरे. म्हणून ऐंशीच्या दशकात गावोगावचे आवाज बाहेर आले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, दसऱ्याला दीक्षाभूमीवर भीमगीतांच्या कॅसेटचे स्टॉल लागत, आणि तिथून ती गाणी वस्त्यावस्त्यांत जात. आमच्या कोकणात डबलबारीच्या, म्हणजे भजनी बुवांच्या सामन्याच्या, कॅसेट निघाल्या. दोन बुवा समोरासमोर, पेटी, पखवाज, एकाने डिवचायचं आणि दुसऱ्याने गाऊन उत्तर द्यायचं. यातलं किती मोबाइलवर आलं? नावाजलेल्यांचं थोडंफार आलं. बाकीच्यांच्या कंपन्या बंद पडल्या, मूळ टेपा कुठे गेल्या कोण जाणे. आणि घरोघरी लाल बटण दाबून टिपलेलं तर कुणाच्या यादीतच नव्हतं.

माझ्याकडे अशी एक नव्वद मिनिटांची कॅसेट आहे. जत्रेतली बारी, वडिलांनी मांडवात बसून टिपलेली. पहिले बुवा गौळणीत असा टोमणा मारतात की मांडव हसतो. दुसरे बुवा पेटीवर सूर धरतात, आणि पंचेचाळीस मिनिटं संपतात. खट्. दुसऱ्या बाजूला थेट भजनाचा गजर सुरू होतो. त्या टोमण्याला उत्तर काय दिलं, ते आमच्या घरात आजही कुणाला माहीत नाही. मोबाइल असता तर ते उत्तर मिळालं असतं, हे मीच कबूल करतो. पण त्या रात्री तिथे कॅसेट होती, म्हणून निदान प्रश्न तरी उरला.

तेव्हा एक विनंती. तुमच्या माळ्यावरच्या कॅसेट भंगारात देण्याआधी त्यांवर हाताने काय लिहिलंय ते वाचा. पट्टीवर पांढरी बुरशी दिसली तर तशीच लावू नका; ती हेडला लागते आणि पुढच्या कॅसेटवरही जाते. आधी साफ करून घ्या, मग चालू स्थितीतल्या डेकवरून संगणकावर उतरवा. डेक नसेल तर मला सांगा, माझा अजून चालतो.