रिपोर्ट नॉर्मल आहे, पण गाठ हाताला लागतेय

ऑक्टोबर आला की कोल्हापुरात गुलाबी फिती आणि मोफत मॅमोग्राफीच्या शिबिरांचे बॅनर लागतात. शिबिरं घेणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. तक्रार एवढीच, की पंचविशीची पोरगी आणि सत्तरीची आजी एकाच रांगेत उभ्या केल्या जातात.

मॅमोग्राम म्हणजे स्तनाचा एक्स-रे. तरुण वयात स्तनातलं ग्रंथींचं जाळं दाट असतं आणि फिल्मवर पांढरं दिसतं. गाठही पांढरीच. वय वाढतं तशी चरबी वाढते, ती काळपट दिसते आणि गाठ उठून दिसते. म्हणून तिशीच्या आत गाठ लागली तर आधी सोनोग्राफी. काही तक्रार नसताना मॅमोग्राफी कधीपासून, यावर मतभेद आहेत. अमेरिकेत कोणत्या तपासण्या कधी कराव्यात हे सुचवणाऱ्या तज्ज्ञांच्या टास्क फोर्सने २०२४ मध्ये ४० ते ७४ वयात दर दोन वर्षांनी असं सांगितलं. जागतिक आरोग्य संघटनेचा भर ५० ते ६९ वर आहे. आईला किंवा बहिणीला कमी वयात कॅन्सर झाला असेल, तर यातलं कुठलंच वेळापत्रक धरू नका. डॉक्टरांशी लवकर बोला.

तारीख घेताना पाळी संपल्यानंतरचा आठवडा धरा, तेव्हा दुखणं कमी असतं. त्या दिवशी काखेत पावडर, डिओ, क्रीम काही नको. पावडरीचे कण फिल्मवर कॅल्शियमच्या बारीक ठिपक्यांसारखे दिसतात, आणि तसे ठिपके ही सुरुवातीच्या कॅन्सरची खूण असू शकते. कमरेवरचे कपडेच काढावे लागतात, म्हणून साडी-ब्लाउज चालतं, गाऊन नको. मंगळसूत्र काढावं लागतं, हे सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं बरं. जुन्या फिल्म, सीडी असतील तर सोबत न्या.

प्रत्येक बाजूचे दोन फोटो निघतात: एक वरून खाली, एक तिरका. फोटोसाठी स्तन मशीनच्या दोन पट्ट्यांमध्ये दाबतात, पण दाब काही सेकंदच असतो. तो दिल्याने एकावर एक पडलेल्या सावल्या सुटतात, किरणं कमी लागतात आणि फोटो हलत नाही. तिरक्या फोटोत छातीचा स्नायू काखेपासून साधारण स्तनाग्राच्या पातळीपर्यंत उतरलेला दिसायला हवा. नसेल, तर काखेकडचा भाग सुटलेला असू शकतो, आणि सर्वांत जास्त गाठी त्याच वरच्या बाहेरच्या भागात होतात. बाई लाजून आखडली की नेमकं हेच होतं. खांदा सैल सोडा. तंत्रज्ञ बाई आहे का, हे फोनवरच विचारा.

रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे फोटोत काय दिसलं आणि पुढे काय करायचं हे सांगणारी ० ते ६ ची श्रेणी. ० म्हणजे 'काही नाही' नव्हे! तपासणी अपुरी आहे, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी. १ आणि २ ठीक. ३ आला तर सहा महिन्यांनी पुन्हा फोटो, आणि इथेच बायका गळतात. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी, म्हणजे संशयित भागाचा तुकडा काढून तपासणं. ६ म्हणजे निदान आधीच झालेलं.

पण गाठ हाताला लागत असेल तर १ आकडा बघून घरी बसू नका. मॅमोग्राफीतून काही कॅन्सर सुटतात, दाट स्तनात जास्तच. अशा वेळी हातानं तपासणी, सोनोग्राफी आणि गरज पडली तर सुईची बायोप्सी, एवढं झाल्याशिवाय विषय मिटत नाही. थर्मल कॅमेऱ्याची 'न दुखणारी' तपासणी याला पर्याय नाही.

'सुई लावली की पसरतं' ही भीती गंगावेशीपासून गडहिंग्लजपर्यंत आहे. ती खोटी आहे. उलट बायोप्सी न करता थेट गाठ कापली, तर पुढे दुसरं ऑपरेशन लागू शकतं. काढलेला तुकडा लगेच फॉर्मालिनमध्ये, म्हणजे तो टिकवणाऱ्या द्रावात, जायला हवा. तो सलाईनमध्ये तसाच राहिला, तर औषध ठरवणाऱ्या ईआर, पीआर, हर-टू या चाचण्या बिघडतात.

राहता राहिला चंदगड, गगनबावड्याच्या बाईचा प्रश्न. तिला मशीन जवळ नाही. टाटा मेमोरिअलने मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून सुमारे दीड लाख बायकांवर अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं. ५० वर्षांवरच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले; त्याखालच्या वयात तसा फायदा दिसला नाही. सरकारी कार्यक्रमातही ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी हातानं तपासणी आहे. आशाताईंना तारीख विचारा. मात्र 'गाठ आहे का?' एवढं विचारून फॉर्मवर टिक केली, तर तपासणी झालेली नाही. बोटांच्या पेरांनी दोन्ही स्तन आणि दोन्ही काखा चाचपून बघा म्हणावं, बसवून आणि झोपवूनही.