कृपया पुस्तक उघडू नये

अमेरिकेत येऊन तुम्हाला दहा-बारा वर्षं झाली. घर झालं, दोन गाड्या झाल्या, तळघरात होम थिएटरसुद्धा झालं, आणि तरी जेवायला आलेल्या मंडळींवर म्हणावी तशी छाप काही पडत नाही. तेव्हा आता आधुनिक अमेरिकन कादंबऱ्यांच्या लेखकाची सही असलेल्या पहिल्या आवृत्त्या जमवायला घ्या. या छंदाला वाचनाची आवड लागत नाही. आधीपासून असलीच, तर थोडी आवरावी लागते.

सुरुवात परिभाषेपासून करू. प्रतीची प्रकृती सांगायला इथल्या विक्रेत्यांचे ठरलेले शब्द आहेत. 'फाइन' म्हणजे जवळजवळ नवी. 'व्हेरी गुड' म्हणजे ठीकठाक. 'गुड' म्हणजे वाईट. 'गुड' म्हणून मागवलेलं पुस्तक घरी आलं की शिवण सुटलेली असते आणि कुणाच्या तरी कॉफीचा गोल ठसा मुखपृष्ठावर असतो. सगळ्यात तळाला 'रीडिंग कॉपी'. म्हणजे ही प्रत आता फक्त वाचण्याच्या लायकीची उरली आहे. लग्नाच्या बाजारात 'मुलगा स्वभावाने चांगला आहे' असं ज्या सुरात सांगतात, त्याच सुरात हे सांगायचं असतं.

दुसरी गोष्ट, किंमत पुस्तकाला नसते, त्याच्या अंगावरच्या कपड्याला असते. 'द ग्रेट गॅट्सबी'ची १९२५ सालची पहिली आवृत्ती नुसती मिळाली तर काही हजार डॉलर पडतात. तीच प्रत फ्रान्सिस कुगाटच्या चित्राच्या कागदी जॅकेटसकट, चांगल्या अवस्थेत असेल, तर आकडा लाखाच्या पुढे. फिट्झजेराल्डची अख्खी कादंबरी काही हजारांची, आणि उरलेले पैसे निळ्या कागदावरच्या त्या दोन उदास डोळ्यांचे. म्हणून जॅकेटला लगेच पारदर्शक प्लास्टिकचं आवरण चढवा. आणि आतल्या घडीवरचा छापील किमतीचा कोपरा शाबूत आहे ना, ते बघा. आपण आहेर देताना किमतीची चिठ्ठी खरवडतो, तसे इथले लोक पुस्तक भेट देताना तो कोपरा कात्रीने उडवायचे. पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या सभ्यतेचे पैसे आज तुमच्या प्रतीतून कापले जातात.

मग येतं मुद्रण. शीर्षकपानामागच्या हक्कांच्या पानावर आकड्यांची एक ओळ असते, तिच्यात १ दिसला की पहिलं मुद्रण. एवढं सोपं असतं तर हा छंद कुणीही केला असता. म्हणून रँडम हाऊस या प्रकाशनसंस्थेने कित्येक वर्षं पहिल्या मुद्रणाची ओळ २ पासून सुरू केली आणि सोबत 'फर्स्ट एडिशन' छापलं. दुसऱ्या मुद्रणात आकडे तेच, फक्त ते दोन शब्द गायब. हे एकदा पाठ झालं की पुस्तक हातात घेतल्यावर तुमची नजर आपोआप त्या पानावर जाईल आणि तिथूनच परत येईल. पुढे जाण्याची गरजही नाही.

चुकांचा मात्र मनापासून आदर करायला शिका. डेव्हिड फॉस्टर वॉलेसची 'इन्फिनिट जेस्ट' १९९६ साली आली. तिच्या सुरुवातीच्या जॅकेटवर अभिप्राय देणाऱ्या विल्यम व्होलमनच्या आडनावातला शेवटचा एक 'एन' छापायचा राहिला. प्रकाशकाने चूक सुधारली आणि संग्राहक तेव्हापासून न सुधारलेली प्रत शोधत फिरताहेत. हजारावर पानांच्या कादंबरीत त्यांना हवं काय, तर एक नसलेलं अक्षर. गॅट्सबीच्या जॅकेटवर मागच्या मजकुरात नायकाच्या 'जे' या नावाचं पहिलं अक्षर लहान छापलं गेलं, तर ते शाईने हाताने मोठं करावं लागलं. ती शाईची रेघही आता मौल्यवान आहे. आपल्याकडे मुद्रितशोधकाला याबद्दल बोलणी बसली असती.

आता सही. जो लेखक येईल त्याच्या पुस्तकावर आनंदाने सही करतो, त्याची सही घेऊ नका, तिला भाव नाही. जॉन अपडाइक इतक्या सह्या करून गेला की बिचाऱ्याच्या सहीचं कुणाला अप्रूपच राहिलं नाही. न दिसणारा, न बोलणारा, वैतागलेला लेखक शोधा. थॉमस पिंचन उत्तम. कॉर्मक मॅकार्थी त्याहून व्यवहारी निघाला. 'द रोड'च्या २५० प्रतींवर त्याने सह्या केल्या आणि सगळ्या धाकट्या मुलाला देऊन टाकल्या, मोठा झाला की त्याला विकता याव्यात म्हणून. कुणी शेत ठेवतं, कुणी सोनं. याने आपलं नाव ठेवलं.

'सही केलेलं पुस्तक' म्हणजे लेखकाने हातात धरलेलं पुस्तक, असा तुमचा समज असेल तर तोही सोडा. पुष्कळदा सुट्या कागदांचे गठ्ठे लेखकाच्या घरी जातात, तो टीव्हीसमोर बसून हजारो सह्या करतो, आणि नंतर ते कागद बांधणीत चिकटवतात. कादंबरी सोडून जरा बाजूला जायचं तर २०२२ साली गायक बॉब डिलनच्या नव्या पुस्तकाच्या ९०० सहीवाल्या प्रती ५९९ डॉलरला एक अशा विकल्या गेल्या, त्याही अस्सलपणाच्या पत्रासकट. घरी आल्यावर लोकांनी एकमेकांच्या प्रतींवरच्या सह्या ताडून पाहिल्या, तर त्या तंतोतंत सारख्या. यंत्राने केलेल्या! पैसे परत करावे लागले, डिलनने माफी मागितली. मला विचाराल तर त्या ९०० लोकांनी उगाच घाई केली. नोबेल विजेत्याच्या यंत्राची सही काय रोज मिळते?

राहता राहिलं तुमचं नाव. ते पुस्तकात येऊ देऊ नका. नुसती सही असेल तर भाव जास्त. 'अमक्यास सप्रेम' असलं की उतरला. अर्थात तो अमका प्रसिद्ध असेल तर गणित उलटतं. अमेरिकन लेखक पॉल थेरॉने आपला गुरू आणि मित्र व्ही. एस. नायपॉल याला आपुलकीने लिहून दिलेलं पुस्तक पुढे एका विक्रेत्याच्या विक्रीसूचीत थेरॉलाच दिसलं. तीस वर्षांच्या मैत्रीचं जे व्हायचं ते झालं आणि थेरॉने १९९८ साली त्यावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. विक्रेत्याचं मात्र काही चुकलं नव्हतं. दोन मोठी नावं एकाच पानावर म्हणजे सोन्याहून पिवळं.

माझ्या बाबतीत दुसरं नाव माझं होतं. मॅनहॅटनमधल्या एका दुकानात दीड तास रांगेत उभा राहिलो. नंबर आल्यावर ठरल्याप्रमाणे म्हणालो, 'फक्त सही.' लेखकाने चष्म्यावरून पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, 'विकायचंय का?' मी शरमलो आणि नाव सांगून बसलो. हृषीकेश. त्याने मान डोलावली, झोकात लिहिलं आणि पुस्तक मिटून हातात दिलं. गाडीत उघडून बघतो तर 'टू रिषी कॅश, विथ वॉर्म विशेस.'

चार वर्षांनी लेखकाला मोठं पारितोषिक मिळालं तेव्हा ते पुस्तक घेऊन एका विक्रेत्याकडे गेलो. त्याने भिंग लावून जॅकेट पाहिलं, आकड्यांची ओळ पाहिली, पहिलं पान पाहिलं. मग विचारलं, 'हा रिषी कॅश कोण?' म्हटलं, मीच. त्याने पुस्तक हलकेच माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, 'व्हेरी गुड.' परिभाषा मला तोवर पाठ झाली होती.

गेल्या उन्हाळ्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. आम्ही दोघं ऑफिसला गेल्यावर तिने कपाटातलं ते पुस्तक प्लास्टिकसकट बाहेर काढलं. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकतोय तोच विचारलं, 'अरे, एवढा मोठा लेखक म्हणतोस आणि याला माणसाचं नाव धड लिहिता येऊ नये?' पान उघडून दाखवलं. 'रिषी कॅश' लाल शाईने नीट आडवं खोडलेलं, वर सुवाच्य अक्षरात 'हृषीकेश', आणि 'षी' दीर्घ आहे हे ठसावं म्हणून खाली एक रेघ.

विक्रीला काढीन तेव्हा सूचीत असं लिहीन: पहिली आवृत्ती, पहिलं मुद्रण, जॅकेट फाइन, लेखकाच्या सहीसह, नावात शाईने हस्तदुरुस्ती. किंमत आईला विचारून सांगतो.