मानसशास्त्र घेतलंय म्हणजे मनातलं ओळखता येत नाही, आधीच सांगते

आमच्या वयाची पोरं फेसबुकवर नसतात हे मला माहीत आहे, पण ज्यांना सांगायचंय ते सगळे काका, मामी, आत्या इथंच भेटतात म्हणून इथं लिहितेय. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

मी बारावी आर्ट्सला आहे आणि माझा एक विषय मानसशास्त्र आहे. दहावीला मार्क चांगले होते (हे सांगावं लागतं, नाहीतर लोक पुढचं ऐकतच नाहीत). तेव्हापासून कुठल्याही कार्यक्रमाला गेलं की दोन प्रश्न ठरलेले. एक म्हणजे "सायन्स का नाही घेतलंस गं?" आणि दुसरा, "मग माझ्या मनात काय चाललंय सांग बघू."

दुसऱ्याचं उत्तर मी आता द्यायला लागलेय. आत्याच्या वास्तुशांतीला मामी, मोठी काकू आणि दादाच्या होणाऱ्या सासूबाई, तिघींना वेगवेगळं गाठून एकदम गंभीर तोंड करून सांगितलं, "तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून फार हळव्या आहात, सगळ्यांसाठी राबता पण म्हणावी तशी किंमत कुणी करत नाही, पटकन कुणावर विश्वास ठेवत नाही पण एकदा ठेवला की मग ठेवता, आणि तुमच्यात अजून बरंच काही आहे जे बाहेर यायची संधीच मिळाली नाही." मामीच्या डोळ्यात पाणी. काकू म्हणाली, पोरीला देणगी हाय देवाची. सासूबाईंनी तर हात पुढं केला, त्यांना वाटलं हातपण बघते. तिघींना शब्दाला शब्द तेच सांगितलेलं!

ही आयडिया माझी नाही. बर्ट्रम फोरर नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं 1948 मध्ये आपल्या वर्गातल्या 39 विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि नंतर प्रत्येकाला "हे खास तुझं विश्लेषण" म्हणून एकेक कागद दिला. कागद सगळ्यांना एकच, आणि त्यातली बरीच वाक्यं पेपरच्या स्टॉलवर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातली. किती बरोबर आहे विचारल्यावर पोरांनी 5 पैकी सरासरी 4.26 मार्क दिले. जेवणं झाल्यावर हे सगळं मी तिघींना समजावून सांगितलं. मामी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "असंल, पण माझं खरंच तसंच आहे."

तर सांगायचं एवढंच की हा विषय दुसऱ्याचं मन वाचायचा नाही. मला तरी दोन वर्षात तो उलटा दिसलाय. आपण स्वतः किती वाकडं बघतो आणि तरी "मी डोळ्यानं बघितलंय" म्हणून किती छातीठोक बोलतो, ते त्यात कळतं.

पण रील्सनी त्याचं काय करून ठेवलंय बघा. वर्गात कुणी वही नीट लावली की "तिला ओसीडी आहे" (ओसीडी म्हणजे तेच तेच विचार आणि तीच तीच कृती करायला लावणारा मानसिक आजार). कुणाचा सकाळी एक आणि संध्याकाळी एक मूड असला की बायपोलर. मैत्रिणीनं मेसेज सीन करून रिप्लाय दिला नाही की नार्सिसिस्ट (फक्त स्वतःच्याच प्रेमात असलेली), आणि आजी "रात्री कुठं चाललीस" म्हणाली की आजी टॉक्सिक. अरे ओसीडीवाल्या माणसाचे तासन् तास जातात त्यात, हात धुऊन धुऊन सोलून निघतात, त्याला ते नको असतं तरी थांबता येत नाही. आपली वही नीट असणं म्हणजे नुसती वही नीट असणं. ज्याला खरंच त्रास होतोय त्यानं डॉक्टरकडं जावं, किंवा 14416 हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतपण बोलतात. आपण शिक्के मारत बसू नये.

आणि शिक्का मारणं किती सोप्पं असतं ते बघायला केएमटीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सिटी बसमध्ये बसा. सकाळच्या बसमध्ये मागच्या सीटवरच्या बाई म्हणत होत्या, हा कंडक्टर जन्माचाच खडूस आहे. मी पुढं उभी होते. बिंदू चौकात चढलेल्या माणसानं पाचशेची नोट काढली, त्याच्या मागच्यानं पण पाचशेचीच, एका आजींना स्टॉप गेल्यावर उतरायचं होतं, दारात लोंबकळणारी पोरं आत सरकत नव्हती आणि ड्रायव्हर बेल मार म्हणून ओरडत होता. त्या जागी मी असते तर मी पण खडूसच दिसले असते की! दुसरा चिडला तर त्याचा स्वभाव, आणि आपण चिडलो तर "अगं आज दिवसच तसला होता". दुसऱ्याच्या बाबतीतल्या या चुकीला मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये नाव दिलं, फंडामेंटल ॲट्रिब्युशन एरर. नाव लक्षात नाही राहिलं तरी चालेल, पण एकदा हे कळलं की घरातली निम्मी भांडणं वेगळी दिसायला लागतात हे माझं मत.

आता फुटबॉल. कोल्हापुरात राहून फुटबॉलवर लिहायचं नाही म्हणजे पाप. शाहू स्टेडियमला आमच्या तालमीची (इथं फुटबॉलच्या टीम पेठांतल्या तालमींच्या असतात) मॅच असली की माझे बाबा, जे एरवी मुंगीला पण बाजूनं जाऊ देतात, ते रेफ्रीला जे बोलतात ते इथं लिहिता येणार नाही. मागच्या सीझनला एका टॅकलवरून घरात रात्री अकरापर्यंत वाद. बाबा म्हणत होते त्यानं सरळ सरळ पाय घातला, आणि माझा मामेभाऊ, जो दुसऱ्या पेठेतला, तो म्हणत होता तुमचाच माणूस आपणहून पडला. दोघं एकाच मॅचला, एकाच स्टँडात, शेजारी शेजारी बसलेले. कुणीतरी मोबाईलवर काढलेला व्हिडिओ लावला तर तोच व्हिडिओ बघून दोघं एकदमच म्हणाले, "बघ, सांगत होतो ना!"

1951 मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन कॉलेजांची फुटबॉल मॅच झाली (त्यांचा फुटबॉल, तो हातात घेऊन पळतात तो), फार धसमुसळी. प्रिन्स्टनच्या मेन प्लेअरचं नाक मोडलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. हॅस्टॉर्फ आणि कँट्रिल या दोघा संशोधकांनी दोन्ही कॉलेजच्या पोरांना त्याच मॅचची फिल्म दाखवली आणि फाऊल मोजायला सांगितले. डार्टमथवाल्यांना आपल्या टीमचे जेवढे फाऊल दिसले त्याच्या दुपटीनं प्रिन्स्टनवाल्यांना डार्टमथचे दिसले. फिल्म तीच. 1954 चा पेपर आहे हा, आणि मला तो वाचताना सारखं वाटत होतं की हे दोघं चुकून अमेरिकेत जन्मले. बाबांना सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे, म्हणूनच तुझ्या मामेभावाला दिसत नाही." आता काय बोलणार.

हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही अशी एक आहे. महापूर. 2019 ला मी लहान होते पण आठवतंय. मावशीचं घर शाहूपुरीत. ऑगस्टमध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्याला (नदीची पातळी तिथं मोजतात) 39 फुटाची इशारा पातळी ओलांडली, मग 43 ची धोक्याची, फोनवर फोन चाललेले की निघा आता, आणि काका शांतपणे सांगत होते की 2005 ला पाणी आपल्या गेटाबाहेरच थांबलं होतं, यंदा फारतर गेटात येईल, फ्रिज टेबलावर चढवलाय, काळजी करू नका. असे काका त्या भागात घरोघरी होते. पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. फ्रिज टेबलासकट तरंगला, आणि मावशीला बोटीतून काढावं लागलं.

गेल्या वर्षी वर्गात अँकरिंग शिकवलं तेव्हा मला हेच आठवत होतं. ट्वर्स्की आणि काहनेमन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक चक्र बनवलं, जत्रेत असतं तसलं, पण मुद्दाम असं की ते 10 नाहीतर 65 वरच थांबावं. चक्र फिरवून झालं की लोकांना विचारायचं, संयुक्त राष्ट्रांमध्ये आफ्रिकन देश किती टक्के असतील? 10 बघितलेल्यांचा अंदाज 25 च्या आसपास आणि 65 बघितलेल्यांचा 45. चक्राचा आणि आफ्रिकेचा काय संबंध? काही नाही. तरी डोक्यात एकदा आकडा बसला की माणूस त्याच्यापासून फार लांब सरकत नाही. आमच्याकडं तो आकडा 2005 होता. सर म्हणाले याला नुसतं अँकरिंग म्हणता येणार नाही, यात बाकीचं पण बरंच मिसळलंय, घर सोडायची भीती, चोरीची भीती, जनावरं. मान्य. पण काका अडाणी नव्हते, हट्टी पण नव्हते, त्यांच्याकडं मोजायला तेवढी एकच पट्टी होती. जुलै 2021 ला परत पूर आला तेव्हा तेच काका पाणी गल्लीच्या तोंडाशी यायच्या आत बायको-पोरांना आणि गॅस सिलिंडरला घेऊन आमच्या घरी हजर. आता पट्टी 2019 ची झालीय. भिंतीवर तेव्हाची रेघ मारून ठेवलीय आणि त्याच्या वर काही येणार नाही असं परत म्हणायला लागलेत, याची मला खरी काळजी वाटते.

म्हणून माझं म्हणणं आहे की हा विषय आठवी-नववीला सगळ्यांना थोडा तरी असावा, सायन्सवाल्यांना पण. निदान अभ्यास कसा करायचा एवढं तरी कळेल. तोच धडा परत परत वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून बघितलं तर आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हे रोडिगर आणि कार्पिकी यांनी 2006 मध्ये दाखवलंय. पण आमच्या घरी पुस्तक मिटलं की आईला वाटतं अभ्यास संपला. आणि ते 21 दिवसात सवय लागते म्हणून फिरतंय ना, त्याचं पण बघा. लंडनमध्ये लोकांवर खरोखर मोजलं तर सरासरी 66 दिवस निघाले, कुणाला 18 तर कुणाला 254 पर्यंत लागतील असा हिशोब. त्यामुळं बाविसाव्या दिवशी रंकाळा तलावावरचं फिरणं बंद पडलं म्हणून स्वतःला आळशी म्हणू नका.

राहिला पहिला प्रश्न, सायन्स का नाही आणि यात स्कोप काय. काका लोकहो, सायकियाट्रिस्ट व्हायला एमबीबीएस लागतं, सायकॉलॉजिस्ट व्हायला लागत नाही, हे दोन वेगळे आहेत, आधी एवढं तरी माहीत करून घ्या मग सल्ला द्या. मी काय होणार ते माझं अजून ठरलेलं नाही. वर सांगितलेले काहनेमन मानसशास्त्रवाले, त्यांना 2002 ला नोबेल मिळालं ते अर्थशास्त्राचं. माझा दुसरा विषय अर्थशास्त्रच आहे, आणि उद्या त्याचीच चाचणी आहे, त्यामुळं कमेंटना उत्तरं परवा.