लाल पेनातलं 'डिड्यूस्ड'

रात्रीचे साडेदहा वाजलेत, सकाळी दोन डबे करायचेत, तरी हे लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही. लेकीची इंग्लिशची वही बघितली आणि डोकं फिरलं.

सातवीत आहे ती. निबंधाचा विषय होता, घरात घडलेला एक प्रसंग. तिनं लिहिलेलं, की आजोबांचा फोन आला म्हणून आई गॅलरीत गेली, परत आली तेव्हा तिचे कपाळावरचे केस ओले होते आणि तिनं मला न विचारताच परत भात वाढला, 'सो आय न्यू शी हॅड क्राइड', म्हणजे मला कळलं की ती रडलीय. मी हे पहिल्यांदाच वाचत होते. मला वाटलेलं कुणाला काही कळलं नाही. माझ्या बाबांनी होडी विकली होती त्या दिवशी, आणि मी नळाखाली तोंड धुऊन, अगदी नेहमीसारखी होऊन ताटावर आले होते. आणि हिनं ओले केस बघितले, भात बघितला, गप्प जेवली, आणि दोन महिन्यांनी वहीत लिहिलं.

त्या 'न्यू'वर लाल रेघ. वर लिहिलंय 'डिड्यूस्ड', म्हणजे निष्कर्ष काढला. आणि समासात, चांगले शब्द वापरा.

वहीच्या मागच्या पानाला एक झेरॉक्स चिकटवलाय. 'फिगर आऊट'ला समानार्थी शब्द. वर्क आऊट, सॉल्व्ह, डिड्यूस, इन्फर, कॅल्क्युलेट, डिराइव्ह, रेकन, फॅदम, कन्क्लूड. सगळे एका पोत्यात. पाठ करा आणि साध्या शब्दाच्या जागी यातला एक घाला, म्हणजे मार्क वाढतात. आता हेच मराठीत करून बघा ना. 'आईचे ओले केस बघून मी ओळखलं की ती रडलीय' हे वाक्य घ्या आणि त्यात 'ओळखलं' काढून 'निष्कर्ष काढला' घाला. आई रडली असा मी निष्कर्ष काढला! पंचनामा वाटतो तो. आपल्याकडे ताडणं आहे, हेरणं आहे, उमगणं आहे, अटकळ बांधणं आहे, छडा लावणं आहे, आणि एकाच्या जागी दुसरा शब्द आला की कान लगेच टवकारतो. मग इंग्रजी काय मुकी भाषा आहे का, की तिथे काहीही कुठेही चालेल?

आणि चूकच आहे हो ते! अकरावी-बारावीला मला तर्कशास्त्र होतं. डिडक्शन म्हणजे निगमन. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज 180, दोन कोन 60 आणि 70, मग तिसरा 50च, देव आला तरी 51 होणार नाही, याला म्हणतात डिड्यूस करणं. ओल्या केसांचं तसं नसतं. मी उकडतंय म्हणूनही तोंड धुतलं असेन. तिनं खुणा बघितल्या, त्या आपल्या आईच्या स्वभावाशी जुळवल्या, आणि तिला कळलं. फार तर 'इन्फर' म्हणा, म्हणजे खुणांवरून अंदाज बांधणं. पण कुठली सातवीतली इंग्रज पोर आपल्या आईबद्दल तसं लिहील? ती 'न्यू'च लिहील. किंवा 'कुड टेल' लिहील.

बाबांबद्दल लिहायलाच हवं आता, त्याशिवाय मला काय म्हणायचंय ते पोचणार नाही. माझं माहेर दापोलीकडचं, बंदराचं गाव. मी लेकीएवढीच असताना मे महिन्यात एकदा हट्टानं होडीतून गेले होते. परत येताना अंधारून आलं, किनारा दिसेना. बाबांनी इंजिन बंद केलं आणि दोरी काढली. दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा, त्याच्या बुडाला इंजिनाचं ग्रीस फासलेलं. गोळा पाण्यात सोडला, तळाला लागला, मग दोरी वर ओढताना दर खेपेला दोन्ही हात पूर्ण फाकवून मोजत गेले, एक वाव, दोन वाव, तीन वाव. गोळा वर आला तसं ग्रीसला काय चिकटलंय ते बोटानं चोळून बघितलं. वाळू होती. म्हणाले, आलो खाडीच्या तोंडाशी. मी विचारलं, कसं कळलं? तर म्हणे, हाताला कळतं गो.

आता गंमत अशी, की त्या झेरॉक्सवरचा 'फॅदम' म्हणजे हेच. वाव. दोन्ही हात पसरले की होतं तेवढं अंतर, इंग्रजांनी पुढे ते 6 फूट पक्कं केलं. त्याच्याही आधी, जुन्या इंग्रजीत त्या शब्दाचा अर्थ होता कवेत घेणं. कवेत घेणं, मग खोली मोजणं, मग समजणं. म्हणून ते लोक 'आय कान्ट फॅदम' म्हणतात, म्हणजे मला ठाव लागत नाही, थांग लागत नाही. आपला ठाव आणि थांग पण पाण्यातूनच आलेत! त्यांचे खलाशी आणि आपले, दोघांनी तेच केलं आणि दोघांच्या बोलण्यात तेच आलं. हे मुलांना सांगितलं तर ती आयुष्यात विसरतील का? हात पसरायला लावा वर्गात, पाच मिनिटं लागतात.

बाकीचेही तसेच आहेत. सॉल्व्ह म्हणजे मुळात सैल करणं, गाठ सोडणं, आणि आपण गणित काय करतो? सोडवतो. कॅल्क्युलेट लॅटिनमधल्या खड्यावरून आलाय, आपण चिंचोके घेऊन बसायचो तसे ते खडे मांडून हिशोब करायचे. डिराइव्ह म्हणजे ओहोळाचं पाणी वळवून आणणं, आमच्याकडे बागायतीला पाट काढतात तसं. कन्क्लूडमध्ये दार बंद करणं आहे, झालं, आता पुढे विचार नाही. आणि 'क्लू' म्हणजे सुताचा गुंडा, ग्रीक गोष्टीतला तो थीसियस भुलभुलैयातून सुताच्या आधारानं बाहेर आला त्यावरून. आपले पोलीस कशाच्या शोधात असतात? धाग्यादोऱ्याच्याच ना!

एवढी दौलत आहे ती. आणि आपण तिचा भुगा करून झेरॉक्स काढतो.

हो, कळतं मला, एका वर्गात साठ पोरं असतात, पेपरात व्होकॅब्युलरीला मार्क असतात, आणि मराठी माध्यमातून मुंबईत आल्यावर शब्द न सुचल्यामुळे मी मान खाली घालून बसलेय, तेव्हा अशी यादी हातात असती तर आवडली असती. मान्य. पण त्या बाईंनी ते वाक्य वाचलं तरी का? एका पोरीनं आपल्या आईचं रडणं ओळखलं हे समोर लिहिलंय आणि तुम्हाला तिथे दिसतंय काय, तर शब्द साधा आहे!

लेक म्हणाली, आई चिडू नकोस, डिड्यूस्ड लिहिते, दोन मार्क आहेत. तिच्या त्या समजूतदारपणानंच मला जास्त लागलं. बाबा तेव्हा 'हाताला कळतं' म्हणाले होते. त्यांना कुणी सांगितलं असतं, की असं नाही, मी निगमनानं जाणलं असं म्हणा, तर ते दोरी गुंडाळून गप्पच बसले असते. हळूहळू तीही गप्प बसेल. लिहील सगळं, मार्कही मिळतील, पण ओल्या केसांचं लिहिणार नाही.

बाईंवर राग नाहीये माझा, आता लिहिता लिहिता कमी झालाय. त्यांनाही कुणीतरी असंच शिकवलं असणार.

मघाशी बाबांना फोन केला. होडीबरोबर दोरी पण गेली का विचारलं. म्हणाले, घेणाऱ्याकडे मशीन आहे खोली दाखवणारं, त्याला नको होती, पडवीत खुंटीला आहे. मग नातीशी बोलले, तिनं विचारलं वाव कशी मोजतात, आणि फोन स्पीकरवर ठेवून आजोबा सांगतील तसे हात फाकवून गॅलरीतली कपड्यांची दोरी मोजायला लागली. एक वाव आणि वर थोडं. मग टेप आणून स्वतःचे हात मोजायला लावले मला. चार फूट नऊ इंच.

फेअर कॉपी उद्या द्यायचीय. आत्ता जाऊन बघितली, दप्तरात भरून ठेवलीय. 'न्यू'च लिहिलंय तिनं.